'जिवाणूने पेशीमृत्यू रोखला' असं लिहिण्याआधी या चुका टाळा

पेशीत घुसलेल्या जिवाणूला ती पेशी जिवंत हवी असते. पेशीचा डाव उलटा: स्वतः मरायचं, पण पाहुण्याला वाढू द्यायचं नाही. ही झटापट मोजायला बसलं की घोडं पेंड खातं ते बहुतेक वेळा आपल्याच हातून.

जेन्टामायसिन या अँटिबायोटिकचंच घ्या. ते धडधाकट पेशीच्या आत सहज शिरत नाही, म्हणून बाहेरचे जिवाणू मारायला आपण ते वापरतो. पण पायरॉप्टोसिसमध्ये, म्हणजे पेशी फुटून येणाऱ्या दाहक मृत्यूमध्ये, गॅसडर्मिन-डी हे प्रथिन पेशीच्या पटलाला भोकं पाडतं, पटल फाटतं आणि औषध थेट आतल्या जिवाणूंपर्यंत पोहोचतं. मग एखाद्या म्यूटंटच्या (जनुक बदललेल्या जिवाणूच्या) वसाहती, म्हणजे जिवंत उरलेल्या जिवाणूंपासून प्लेटवर वाढलेले ठिपके, कमी दिसतात आणि आपण खुशाल लिहितो, 'मॅक्रोफेजने (जिवाणू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीने) मारले'. मारले औषधाने! म्हणून वसाहती मोजाल त्याच वेळी शेजारच्या वेलमधला (प्लेटमधल्या खळग्यातला) एलडीएच, म्हणजे पेशी फाटली की बाहेर गळणारं एन्झाइम, तोही मोजा. पेशी वाढवायच्या मीडियममध्ये (पोषकद्रवात) घातलेल्या सीरममध्येही एलडीएच असतो, तेव्हा पेशी नसलेल्या नुसत्या मीडियमचं रीडिंग वजा करायला विसरू नका. आणि एलडीएच वाढला म्हणजे पटल फाटलं, एवढंच कळतं. पायरॉप्टोसिस म्हणायचं तर गॅसडर्मिन-डीचा भोकं पाडणारा तुकडा ब्लॉटवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून दाखवणाऱ्या चाचणीत) दाखवा.

ब्लॉटवरही डोळे मिटून विसंबू नका. क्लॅमिडिया या जिवाणूचं सीपॅफ हे प्रोटिएझ (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) मृत्यूचा संदेश देणारी पेशीतली प्रथिनं तोडतं आणि त्यामुळे पेशी मरत नाही, असं बरीच वर्षं मानलं जात होतं. २०१२ मध्ये दिसलं की यातली बरीच तोडफोड पेशीत नव्हे, लायसेट (फोडलेल्या पेशींचा अर्क) बनवताना ट्यूबमध्ये होत होती. प्रोटिएझला निकामी करणाऱ्या ८ मोलर युरियात पेशी फोडल्या आणि तीच प्रथिनं शाबूत निघाली. साप म्हणून भुई धोपटणं ते हेच. तुमचा जिवाणू प्रोटिएझवाला असेल, तर हा युरियाचा प्रयोग पहिल्याच आठवड्यात उरकून घ्या.

नॉकआउट (एखादं जनुक काढून टाकलेल्या) उंदरांची गोष्ट तर चोर सोडून संन्याशाला फाशी! कॅस्पेज-१ हे एन्झाइम नसलेले उंदीर एन्डोटॉक्सिनने (जिवाणूच्या आवरणातल्या विषाने) मरत नव्हते, म्हणून त्या मृत्यूचं खापर कॅस्पेज-१ वर फुटलं होतं. २०११ मध्ये उघड झालं की ते उंदीर ज्या '१२९' नावाच्या वाणापासून बनवले होते, त्यात कॅस्पेज-११ हे दुसरं एन्झाइम आधीच बिघडलेलं होतं. दोन्ही जनुकं शेजारी शेजारी असल्याने बॅकक्रॉस (दुसऱ्या वाणाशी पुन्हापुन्हा संकर) करूनही ती वेगळी झाली नव्हती. उंदीर उसना आणताना त्याचं कूळ विचारा.

माणूस आणि उंदीर यांतला फरकही असाच नडतो. शिगेला या जिवाणूचं आयपीएएच७.८ हे प्रथिन माणसाच्या गॅसडर्मिन-डीचा निकाल लावतं, उंदराच्या नाही. उंदराच्या मॅक्रोफेजमध्ये परिणाम दिसला नाही म्हणून प्रकल्प गुंडाळू नका.

एकाच बाकावरच्या दोघांना साल्मोनेला या जिवाणूचे उलटे निकाल आले, तर आधी कल्चर किती वाजता लावलं ते विचारा. वाढीच्या जोमात असलेला साल्मोनेला फ्लॅजेलिन (शेपटीचं प्रथिन) आणि पेशीत प्रथिनं टोचणारी सुईसारखी स्रावयंत्रणा घेऊन येतो. मॅक्रोफेजमधल्या एनएलआरसी४ या पहारेकरी प्रथिनाला ते कळतं आणि तास-दोन तासांत मॅक्रोफेज मरू लागतात. रात्रभर मुरलेलं कल्चर बरंच सौम्य वागतं.

क्षयाच्या जिवाणूच्या जागी बीसीजी हा लसीतला दुबळा जिवाणू वापरणाऱ्यांनो, त्यात आरडी१ हा जनुकांचा भागच नाही. फॅगोसोमचं (गिळलेला जिवाणू ठेवणाऱ्या पिशवीचं) पटल फोडणारी ईएसएक्स-१ यंत्रणा त्यावर अवलंबून असते, तेव्हा बीसीजीने पेशी मारली नाही यात नवल नाही.

आणि हो, संसर्गाच्या आदल्या दिवशी मीडियममधलं पेन-स्ट्रेप (पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन ही अँटिबायोटिक्स) काढलंत ना?