जावा येतं आणि सिक्युरिटीत जायचंय? मग हे वाचा

इंदूरात भंवरकुआंला रूम करून राहणारी आपली मराठी पोरं भेटली की प्रश्न ठरलेला, दादा काली लिनक्स (हॅकिंगची टूल्स भरलेली सिस्टीम) टाकू का? टाका की. पण कॉलेजात इतकी वर्षं जावा घासलंय ना, मग सुरुवात तिथूनच करा, मी पण जावा डेव्हलपरचाच सिक्युरिटीवाला झालो, हॅकिंगचा कोर्स वगैरे काही न करता.

जावात पूर्वी सिक्युरिटी मॅनेजर असायचा. अ‍ॅप्लेटच्या जमान्यात ब्राउझरमधे कुणाचाही कोड येऊन चालायचा, त्याला फाईल उघडू द्यायची का, नेटवर्कवर जाऊ द्यायचं का, हे तो ठरवायचा. सर्व्हरवर फारसं कुणी त्याला विचारलंच नाही, मग २०२१ ला जावा १७ मधे डेप्रिकेट केला आणि २०२५ च्या जावा २४ मधे कायमचा बंद. मतलब वाड्याचा पहारेकरी रिटायर झाला, आता खोल्यांना कुलपं तुम्हीच लावायची.

सगळ्यात जास्त वेळ घाला तो एका गोष्टीवर, बाहेरून आलेला डेटा आत येऊन काय बनतो. ऑब्जेक्टइनपुटस्ट्रीम घ्या, म्हणजे आलेल्या बाईट्समधून परत ऑब्जेक्ट उभा करणारा जावाचा क्लास, बाईट्स समोरचा पाठवतो आणि क्लासपाथवरच्या कुठल्या क्लासचा ऑब्जेक्ट बनणार हेही तोच ठरवतो, तुम्ही कास्ट करेपर्यंत त्याला हवं ते चालूनही गेलेलं असतं. पायथनच्या पिकलचं दुखणं असलंच, आणि डॉटनेट ९ मधे तर हेच काम करणारा बायनरीफॉर्मॅटर काढूनच टाकला. डिसेंबर २०२१ चं लॉगफोरजे (जावाची लॉग लिहायची लायब्ररी) बघा, लॉगमधे नुसती स्ट्रिंग छापायची तर लायब्ररी त्यातला जेएनडीआयचा (नावावरून बाहेरची गोष्ट शोधून आणायची जावाची सोय) पत्ता वाचून भलत्याच सर्व्हरवर जायची, तुमच्या स्वतःच्या कोडमधे काही गडबड नसताना! म्हणून डिपेंडन्सी ट्री, म्हणजे कुठली लायब्ररी कुणामुळे आत आली त्याची यादी, वाचायची सवय लावा, कंटाळवाणं आहे, माहितीये.

एसक्यूएल इंजेक्शन (युजरने इनपुटमधून डेटाबेसची क्वेरीच बदलणं) आणि त्यावरचा उपाय प्रिपेअर्ड स्टेटमेंट हे एका दुपारी समजतं, तिथे अडकून बसू नका. अ‍ॅक्सेस कंट्रोलला मात्र वेळ द्या, ओवॅस्प या वेब सिक्युरिटीवाल्या संस्थेच्या २०२१ च्या धोक्यांच्या टॉप टेनमधे पहिला नंबर त्यातल्या चुकांचाच, आणि स्कॅनर तिथे फार कामाचा नाही कारण कुणी कुणाचं बिल बघायचं हे त्याला कुठून कळणार. प्रॅक्टिसला ओवॅस्पचं वेबगोट आहे, जावातलंच, फुकट, मुद्दाम भोकं ठेवलेलं, आपल्याच लॅपटॉपवर चालवा (दुसऱ्याच्या साईटवर हात साफ करू नका, आयटी अ‍ॅक्ट आहे बरं का).

नोकरीचं म्हणाल तर इंदूरात फ्रेशरला थेट सिक्युरिटीची पोस्ट क्वचितच. डेव्हलपर म्हणून शिरा आणि लायब्ऱ्या अपडेट करायचं काम, जे टीममधे कुणालाच नको असतं, ते मागून घ्या. मी इंटरव्ह्यू घेतो तेव्हा सर्टिफिकेटं बाजूला ठेवतो, एक पानभर कोड पुढे सरकवतो आणि यातलं काय काय युजरच्या हातात आहे एवढंच विचारतो.