चुनखडकातलं तेल शिकताना या चुका टाळा

गोव्यात जिऑलॉजी शिकणाऱ्या पोरांना चिरा आणि लोखंडाचं खनिज भरपूर बघायला मिळतं, चुनखडक मात्र बहुतेक वेळा लॅबच्या कपाटातलाच, मग नुसतं पाठांतर होतं आणि दरवर्षी जर्नलमध्ये त्याच त्या चुका.

सगळ्यात त्रास देणारी चूक म्हणजे भोकं दिसली की लिहायचं 'उत्तम रिझर्वॉयर', म्हणजे तेल साठवणारा खडक. मागे एकाने नमुन्यात बारीक गोल भोकं बघितली, चिऱ्यातून पाणी झिरपतं तसं यातून तेल येणार म्हणाला आणि लिहून मोकळा. मी त्याला पोकळ्यांत निळं रेझिन (पातळ राळ) भरलेली स्लाइड मायक्रोस्कोपखाली लावायला लावली. उथळ, सतत हलत्या पाण्यात घोळून तयार झालेले गोल कण, म्हणजे ऊइड, नंतर पाऊसपाण्याने विरघळून गेलेले, पण मधली जागा कॅल्साइट या चुन्याच्या खनिजाच्या सिमेंटने गच्च भरलेली. पोकळ्या सगळ्या एकेकट्या, बऱ्याच ठिकाणी निळा रंग पोचलाच नव्हता. म्हणजे पोरोसिटी (पोकळ्यांचं प्रमाण) भरपूर पण परमिएबिलिटी (आरपार वाहू देण्याची क्षमता) जवळजवळ नाहीच, मग तेल शिरणार कुठून नि निघणार कुठून? मी आधी पोकळ्या जोडलेल्या आहेत का तेच बघतो, टक्केवारी मागाहून. मोबाइलवर फोटो काढून टक्का काढायचा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही.

दुसरी चूक, 'शिंपल्यातल्या जिवांचंच तेल झालं'. नाही हो! मुंबईसमोरच्या समुद्रातलं मुंबई हाय हे तेलक्षेत्र 1974 मध्ये सापडलं, तिथलं तेल मुख्यतः मायोसीन काळातल्या चुनखडकात साठलंय, पण ते तयार झालं त्याहून जुन्या पन्ना फॉर्मेशन या थरांच्या शेलमध्ये, म्हणजे चिखलाच्या खडकात, आणि मग सरकत वर आलं. सौदीच्या घावार तेलक्षेत्रात तर ज्युरासिक काळातल्या चुनखडकावर ॲनहायड्राइट या घट्ट खनिजाचं झाकण आहे, ते नसतं तर तेल तिथे थांबलंच नसतं. तेल बनलं कुठे, साठलं कुठे, अडलं कशाने, तिन्ही वेगळं लिहा.

उथळ समुद्र म्हणजे चुनखडक होणारच, असंही नाही. पावसाळ्यात मांडवी-झुवारीच्या तोंडाशी पाणी बघा, एवढ्या गाळात ऊन तळाला पोचणार कसं, नि उन्हावर जगणारे, चुना बनवणारे जीव वाढणार कसे? किनाऱ्यापासून लांब, विजयदुर्गसमोरच्या आंग्रिया बँकेवर पाणी नितळ म्हणून तिथे प्रवाळ आहे.

आणि प्रत्येक चुनखडक रीफ, म्हणजे प्रवाळाची भिंत, नसतो.

आणि ॲसिडचा थेंब टाकून फेस आला नाही की लगेच 'चुनखडक नाही' लिहू नका, मॅग्नेशियमवाला, म्हणजे डोलोमाइट असेल. खिळ्याने खरवडून भुकटी करा, तिच्यावर टाका नि जरा थांबा, हळूहळू बुडबुडे येतात.