फुगवायची होडी घेताय? आधी गोंद घ्या

मालवणजवळच्या देवबागच्या खाडीत स्वतःची छोटी हवेची होडी घालायची हौस कोणाला आली, की मी पहिलं गोंदाचं विचारतो. बाजारातल्या बहुतेक होड्या पीव्हीसीच्या असतात. मग पीव्हीसीच्या कापडाला धरणारा गोंद होडीबरोबरच, त्याच दिवशी घ्या. सायकलवाल्याचं सोल्युशन चालत नाही. चालेल म्हणून मागच्या वेळी मी तेच नेलं होतं. ठिगळ बसलं, सुकल्यासारखं दिसलं आणि हवा भरताच एका कडेनं सोलून वर आलं. खाली नुसत्या सोल्युशनच्या सुरळ्या. प्लंबरचा पाइप जोडायचा गोंदही नको, तो कडक होऊन तडकतो.

आता होडी. खोक्यावर 'चार माणसं' लिहिलंय म्हणजे दोन माणसं आणि जेवणाचा डबा. अडीच मीटरच्या आसपासची बघा. हवेचे वेगवेगळे कप्पे किमान दोन हवेत, तीन असले तर बरं; एक फुटला तरी दुसऱ्यावर तरंगता आलं पाहिजे. कापड 0.9 मिमी घ्या, 0.7 चालवून घ्या, त्याहून पातळ पोहायच्या तलावात. सांधे वेल्ड केलेले, म्हणजे उष्णतेनं वितळवून जोडलेले हवेत. चिकटवलेले असले तर आपल्या उन्हात, बंद गाडीच्या डिकीत, कधी सुटतील सांगता येत नाही. हायपालॉन, म्हणजे रबरासारखं दुसरं कापड, उन्हात पीव्हीसीपेक्षा बरंच टिकतं, पण किंमत ऐकूनच परत फिराल. शिवाय त्याचा गोंद वेगळा. हो, पुन्हा गोंदच.

नुसता कापडी तळ नको, पाय ठेवला की खचतो. फळ्यांचा किंवा हवेचा घ्या. बाजूच्या नळ्यांना साधारण 3-4 पीएसआय (दाबाचं माप) दाब पुरतो, हवेच्या तळाला 8-10 लागतो. म्हणून दाब दाखवणारा पंप घ्या आणि त्याचं टोक व्हॉल्व्हमध्ये दुकानातच बसवून बघा. टायरचा कंप्रेसर आणू नका, त्यातून दाब भरपूर येतो आणि हवा चमचाभर. फुगवलेली होडी भर उन्हात वाळूवर सोडून जेवायला जाऊ नका, हवा तापून सांध्यांवर ताण येतो. गार पाण्यात उतरली की तीच सैल पडते, तेव्हा पंप सोबत ठेवा.

वजन कागदावर 25 किलो दिसतं, ओहोटीच्या चिखलातून उचलताना कळतं. पण उचलाच, ओढू नका. खडकांना चिकटलेली कालवं (शिंपल्या) ब्लेडसारखी असतात. आणि कालवांनी कापलं की काय लागतं? खोक्यात मिळते ती इवलीशी ट्यूब एकदा उघडली की वाळून जाते, तिच्या भरवशावर राहू नका. दोन वेगळ्या ट्यूब, जागा पुसायला ॲसिटोन, कोपरे गोल कापलेली ठिगळं, हे सगळं एका डब्यात. वर 24 तास सुकू द्यायचं. म्हणजे त्या दिवशीची फेरी संपली. घाई करून पुन्हा पाण्यात उतरलात तर गोंदाला शिव्या देऊ नका.

भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात नवख्यांनी घरी बसावं, अष्टमीच्या आसपास भांगाचं, म्हणजे कमी चढ-उताराचं पाणी असतं तेव्हा उतरावं. चढत्या भरतीबरोबर नेरूरपारच्या दिशेनं वर जा आणि ओहोटीचा जोर धरायच्या आत परत या. कर्ली नदी समुद्राला मिळते त्या संगमाकडे ओहोटीत फिरकायचंच नाही. सकाळचा मतलई वाराही जमिनीकडून समुद्राकडे ढकलतो, आणि या होडीला पाण्याखाली बूड नसल्यानं वारा नेईल तिकडे ती जाते.

बाकी लाइफ जॅकेट (घातलेलं, बुडाखाली घेतलेलं नव्हे), शिटी, छोटा नांगर, जादा वल्हं, मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, त्यात तटरक्षक दलाचा 1554. इंजिन लावायचं तर आधी बंदर कार्यालयात विचारा. पावसाळ्यात नाही म्हणजे नाही. परतल्यावर गोड्या पाण्यानं धुवा, सावलीत वाळवा, आणि घडी घालून माळ्यावर टाकू नका, उंदीर कुरतडतात; झाकणाच्या पिंपात ठेवा.