साखर सोडली, गूळ धरला… तब्येत जपताना या चुका टाळा

माझ्या आत्याला कुणी विचारलं की तंबाखू खाता का, तर ती ठामपणे नाही म्हणायची. आणि ती खोटं बोलत नव्हती हो, तिच्या हिशेबात तंबाखू म्हणजे पुरुष माणसं चुना लावून मळतात ती, आणि तिची मिश्री म्हणजे दात घासायची वस्तू. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, घरभर ठसका उठायचा, मग ती चुरून पत्र्याच्या डबीत. सकाळी एकदा, जेवण झालं की एकदा, दुपारी आडवं व्हायच्या आधी एकदा, रात्री परत. दात दिवसातून चार वेळा कोण घासतं, हा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडलाच नाही.

पहिली चूक ही, की सवयीला दुसरं नाव दिलं की ती सवय राहत नाही असं आपण धरून चालतो. मिश्री तंबाखूच आहे, भाजली तरी तंबाखूच. आणि 'मी फक्त सुपारी खातो, तंबाखू अजिबात नाही' म्हणणारे तर घरोघरी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर काम करणारी संस्था नुसत्या सुपारीलासुद्धा कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या, म्हणजे पक्का पुरावा असलेल्या, गटात धरते, तंबाखू नसली तरी. सुपारीने गालाच्या आतली कातडी हळूहळू कडक होत जाते, तोंड कमी उघडायला लागतं. आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा, जात नसतील तर डॉक्टरला दाखवा. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, पण पानसुपारीचं तबक आपण लग्नात पाहुण्यांपुढे स्वतःच धरतो ना.

आता सोडताना काय अडतं ते सांगते, कारण 'सोडा' म्हणणं सोपं आहे. आत्याचं पहिलं गाऱ्हाणं होतं, पोटच साफ होत नाही. हे खरं असतं, निकोटिनने आतडी हलतात आणि ते बंद झालं की काही आठवडे बद्धकोष्ठता होते. तिथेच बरेच जण परत डबी उघडतात. त्या दिवसांत सकाळी कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, काकडी, पेरू, आणि थोडं चालणं, एवढ्यावर निभावतं. तलफ आली की ती काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ तोंडात बडीशेप किंवा लवंग ठेवायची, सुपारी नाही. दात दुखतो म्हणून मिश्री लावत असाल तर दाताच्या डॉक्टरकडे जा, मिश्रीने दुखणं फक्त दबतं. आणि एकट्याने जमत नसेल तर 1800 11 2356 हा सरकारी टोल फ्री नंबर आहे, तंबाखूच्या पुडीवर छापलेला असतो, आपण तो कधी वाचतच नाही.

दुसरी चूक शिकल्यासवरल्या घरांत जास्त दिसते. शुगर बॉर्डरला आली की साखरेचा डबा माळ्यावर जातो आणि सेंद्रिय गूळ येतो, मग चहात गूळ, लाडवात गूळ, आणि 'गुळाचंच आहे' म्हणून एकाऐवजी दोन लाडू. गुळात लोह वगैरे थोडंफार असेल पण तो बहुतेक साखरच असतो, रक्तातली शुगर तोही वाढवतोच. मधाचंही तेच. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2023 च्या अभ्यासात देशात 10.1 कोटी लोकांना डायबिटीस आणि 13.6 कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर असल्याचं आलं, म्हणजे ही आता शेजारच्या घरातली गोष्ट राहिली नाही. उपासाचंही बघा, साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचे वेफर्स, वर रताळ्याचा गोड कीस, हा उपास शरीराला उपास वाटतच नाही.

मिठाचं मी स्वतः करून बघितलं. मिठाची नवीन पिशवी फोडली की तिच्यावर पेनने तारीख टाकायची. माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ हवं, म्हणजे चार जणांच्या घरात एक किलोची पिशवी किमान 50 दिवस जायला पाहिजे. आमची महिन्यात संपत होती! आणि त्यात बाहेरचं फरसाण, पाव, विकतचं लोणचं धरलेलंच नाही. बीपी वाढतं ते इथून. आता पापड-लोणचं रोज एकत्र नाही, आणि ताटात वरून मीठ नाही, सुरुवातीला अळणी लागलं, दोन-तीन आठवड्यांत जीभ रुळली.

शेंगदाण्याचं मात्र कुणी बोलत नाही म्हणून सांगते. पावसाळ्यात डब्यात ओल येते, काही दाणे सुरकुततात, हिरवट-काळे होतात, आणि आपण 'भाजले की जाईल' म्हणून कुटात घालतो. त्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष लिव्हरच्या कॅन्सरला कारण ठरतं आणि घरच्या भाजण्याने ते पूर्ण जात नाही. तसे दाणे टाकून द्या, जीव तुटला तरी टाकून द्या.

दारूबद्दल एकच, 'थोडी चालते' हे कॅन्सरच्या बाबतीत खरं नाही, सुरक्षित असं प्रमाणच नाही.

आणि 'मी बारीकच आहे' म्हणणाऱ्यांनी टेप घेऊन पोट मोजा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध. आपल्याकडे पुरुषांना 90 आणि बायकांना 80 सेंटिमीटरच्या वर गेलं की धोका सुरू, हातपाय काटकुळे असले तरी. जास्त वजनाचा संबंध फक्त शुगरशी नाही, गर्भाशय, मोठं आतडं, पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा कॅन्सर, अशा 13 कॅन्सरशी जोडलेला आहे. घरकामात पाय दुखतात हे मान्य, पण धाप लागेल असं चालणं आठवड्याला 150 मिनिटं वेगळं हवंच.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे 'दुखत नाही ना, मग राहू दे'. तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा सुरुवातीला दुखतच नाही. आत्याचा चट्टा तिला माहीत होता, आरशात दिसायचा, ती त्याला हळद-मध लावत होती, किती महिने ते तिलाही सांगता येईना. दात काढायला गेली तेव्हा डॉक्टरांनी तिथल्या तिथे तुकडा तपासायला पाठवला. कॅन्सर नव्हता, पण त्या वाटेवर होता. तोंडातला फोड किंवा चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही तर हळद नको, डॉक्टर. रिपोर्ट आला त्या संध्याकाळी तिने डबी स्वतःच परसात नेऊन रिकामी केली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मला फोन, आता काय चावू गं?