न्यू डील आणि ग्रेट सोसायटीची तुलना कशी करायची

न्यू डील (१९३० च्या दशकातली, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टची) आणि ग्रेट सोसायटी (१९६० च्या दशकातली, राष्ट्राध्यक्ष जॉन्सनची) या अमेरिकेतल्या दोन गरिबीविरोधी सुधारणांची तुलना करायची असेल तर आधी योजनांची यादी घेऊन बसू नका, आधी बघा की तेव्हा गरीब कोण होतं आणि कशामुळे. १९३३ मध्ये साधारण चारातला एक कामगार बेकार होता, म्हणजे धडधाकट माणसांनाच काम नव्हतं, म्हणून रूझवेल्टचा भर सरळ काम देण्यावर. १९६४ ला जॉन्सनने गरिबीविरुद्ध युद्ध पुकारलं तेव्हा देश जोरात होता पण काही लोक मागेच राहिलेले, म्हणून मग हेड स्टार्ट (गरीब मुलांसाठी शाळेआधीचं शिक्षण), फूड स्टॅम्प (अन्न घ्यायला सरकारी कूपन), मेडिकेड (गरिबांसाठी सरकारी आरोग्य विमा).

नंतर पैसा कोणाच्या हातात गेला ते शोधा, हे सगळ्यात महत्त्वाचं आहे माझ्या मते. न्यू डीलमधल्या सीसीसीमध्ये (बेकार तरुणांना निसर्गसंवर्धनाचं काम देणारी योजना) जंगलात झाडं लावणाऱ्या पोराला महिन्याला ३० डॉलर मिळायचे, त्यातले साधारण २५ थेट घरी पाठवले जायचे, म्हणजे एका पोराच्या कामावर अख्खं घर चालायचं. मेडिकेडमध्ये मात्र पैसे घरी येतच नाहीत, डॉक्टरचं बिल परस्पर भरलं जातं.

आणि कोण वगळलं गेलं हे नक्की तपासा. न्यू डीलच्याच १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्यात (म्हातारपणी पेन्शन, बेकारी भत्ता वगैरे देणारा) शेतमजूर आणि घरकामगार नव्हतेच, त्यात कृष्णवर्णीय लोक खूप होते, हे वाचून खरंच वाईट वाटतं.

आकडे जपून वापरा हं. अधिकृत दारिद्र्यरेषा १९६० च्या दशकातली, त्यामुळे गरीब लोकांचं प्रमाण १९६४ च्या १९ टक्क्यांवरून १९६९ ला १२ वर आलं हे सांगता येतं, पण १९३० च्या दशकासाठी बेकारीचेच आकडे घ्या.