कॅलेंडरात कॉमन्सवरचा फोटो छापताना

दिवाळी जवळ आली की आमच्या डीटीपीच्या टेबलावर कॅलेंडरांचे जॉब येऊन पडतात. पतपेढी असो की सराफी पेढी, बहुतेकांना बारा महिने बारा किल्ले हवे असतात आणि फोटोसाठी वेगळे पैसे द्यायचे नसतात. मग मी विकिमीडिया कॉमन्स उघडतो, म्हणजे विकिपीडियावाल्यांचा खुल्या परवान्यांवरच्या फोटोंचा साठा. राजगड, सिंधुदुर्ग, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, सगळं तिथे आहे आणि विकायच्या कॅलेंडरात छापायची परवानगीही आहे. फक्त त्या परवानगीच्या अटी पाळाव्या लागतात.

गुगलच्या चित्रांतून फोटो उचलू नका. कॉमन्सवर त्या फोटोचं स्वतःचं पान उघडा आणि खालचा परवाना वाचा. 'सीसी बाय-एसए' असेल तर धंद्यासाठी वापरता येतो. 'सीसी' म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, हे खुले परवाने. 'बाय' म्हणजे काढणाऱ्याचं नाव द्या. 'एसए' म्हणजे फोटोवरून नवं चित्र केलंत तर तेही त्याच परवान्यावर खुलं ठेवा. फ्लिकर या फोटोंच्या साइटवर मात्र 'एनसी', म्हणजे धंद्यासाठी नाही, असं लिहिलेले फोटोही भरपूर असतात. ते विकायच्या कॅलेंडरात चालत नाहीत, पार्टी म्हणजे गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी.

श्रेयाची ओळ मी अशी लिहितो: 'राजगड – छायाचित्र: (पानावर दिलेलं नाव), विकिमीडिया कॉमन्स, सीसी बाय-एसए ४.०'. सोबत फोटोच्या पानाचा आणि परवान्याचा पत्ता. जागा नसेल तर क्यूआर कोड. नुसतं 'सौजन्य: इंटरनेट' किंवा 'सौजन्य: विकिपीडिया' लिहिणं म्हणजे ज्याने फोटो काढला त्याला पुसून टाकणं. फोटो कातरला, रंग बदलले, तर 'बदल केले आहेत' हेही लिहा.

ही ओळ कुठे बसवायची, हे मी चूक करून शिकलो. एकदा तोरण्याच्या फोटोखाली नाव टाकलं, पण कडेपासून जेमतेम दोन मिलिमीटरवर. कटिंगला ते पट्टीबरोबर उडालं. प्रूफवर होतं, म्हणून मी निर्धास्त. छायाचित्रकाराचा मेल आला तेव्हा कळलं. अंधारात गड चढून, धुकं हटेपर्यंत थांबून काढलेला फोटो होता तो, आणि बदल्यात त्याने फक्त नाव मागितलं होतं. परवान्याच्या ४.० आवृत्तीत चूक कळल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केली तर अट मोडल्याने रद्द झालेली परवानगी आपोआप परत मिळते. झालेल्या चुकीबद्दल दाद मागायचा छायाचित्रकाराचा हक्क मात्र राहतो. ३.० मध्ये ही सोय नाही. मी माफी मागितली, उरलेल्या दीडशे प्रतींवर नावाचे स्टिकर स्वतः बसून चिकटवले आणि वाटून झालेल्यांसाठी पार्टीच्या काउंटरवर स्टिकर ठेवले. आता नाव कडेपासून किमान दहा मिलिमीटर आत घेतो आणि कटिंग झालेली पहिली प्रत हातात घेऊन वाचतो.

'एसए'ची लोकांना उगाच भीती वाटते. पानावर वर फोटो, खाली तारखा, असं नुसतं शेजारी मांडलं तर तुमचं पंचांग, मजकूर, बोधचिन्ह खुलं होत नाही. पण दोन फोटो जोडून, आकाश बदलून नवं मुखपृष्ठ केलंत तर ते चित्र सीसी बाय-एसए होतं. दुसऱ्या प्रेसने ते उचलून अटी पाळून विकलं तर तुम्हाला अडवता येणार नाही. म्हणून शेवटच्या पानावर 'सर्व हक्क राखीव' लिहिताना 'छायाचित्रे वगळून' हे शब्द घाला.

फोटोत ओळखू येणारा चेहरा असेल तर जाहिरातीच्या कॅलेंडरात तो मी घेतच नाही. परवाना फोटो काढणाऱ्याच्या हक्कापुरता असतो, फोटोतल्या माणसाची संमती त्यात येत नाही.

आणि पार्टीला या अटी नकोच असतील तर छायाचित्रकाराला सरळ विचारा. खुल्या परवान्यावर दिला तरी हक्क त्याचाच असतो, त्यामुळे तोच फोटो तो मानधन घेऊन वेगळ्या अटींवर देऊ शकतो. तोरण्याच्या त्या छायाचित्रकाराने पुढच्या वर्षीच्या मुखपृष्ठासाठी असाच फोटो दिला. त्याचं मानधन मी कोटेशनमध्ये कागद आणि छपाईच्या खाली वेगळी ओळ करून लावलं, आणि पार्टीने ते दिलं.