कोंबड्यांच्या पिसांचे रंग: जोडी लावण्यापूर्वी काय पाहावे

कोंबडीच्या पिसांत मुख्य रंगद्रव्ये दोनच असतात, काळे आणि तांबूस-सोनेरी. बाकीच्या बहुतेक छटा ही द्रव्ये कुठे साठतात, किती फिकी पडतात किंवा पूर्ण दडपली जातात यांवर ठरतात. दिसणाऱ्या रंगामागे न दिसणारी जनुके दडलेली असू शकतात, म्हणून जोडी लावताना पक्ष्याच्या रंगाइतकीच त्याच्या आईबापांच्या व भावंडांच्या रंगांचीही चौकशी करावी.

अभ्यासाला निळा रंग सर्वांत सोयीचा. काळ्या पिसांना निळसर राखाडी करणारे जनुक अपूर्ण प्रभावी आहे: त्याची एक प्रत असल्यास पक्षी निळा, दोन असल्यास मळकट पांढऱ्यावर निळे-काळे शिंतोडे असलेला, आणि एकही नसल्यास काळा होतो. निळ्या नर-मादीची पिल्ले सरासरीने पाव काळी, निम्मी निळी आणि पाव शिंतोड्यांची निघतात, त्यामुळे कितीही पिढ्या निवड केली तरी हा निळा वाण शुद्ध होत नाही. सगळी पिल्ले निळीच हवी असतील तर शिंतोड्यांचा पक्षी काळ्याशी जोडावा. दिसायला जवळचा लव्हेंडर रंग मात्र अप्रभावी (म्हणजे दोन प्रती असल्या तरच दिसणाऱ्या) जनुकाचा असून तो शुद्ध उतरतो. हे दोन रंग एकाच वाणात मिसळू नयेत. पुढे कोणते पिल्लू कशामुळे राखाडी झाले हे ओळखणे कठीण जाते.

नराकडे दोन झेड गुणसूत्रे असतात, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. रुपेरी-सोनेरी भेद आणि पिसांवरचे आडवे पट्टे ठरवणारी जनुके झेडवर असल्याने मादी ती फक्त मुलग्यांना देते. सोनेरी जनुकाच्या ऱ्होड आयलंड रेड जातीचा कोंबडा आणि रुपेरी जनुकाच्या लाइट ससेक्स जातीची कोंबडी यांची नर पिल्ले पहिल्याच दिवशी फिकट पिवळी आणि मादी पिल्ले तांबूस दिसतात ती यामुळेच. जोडी उलटी लावल्यास, रुपेरी हे प्रभावी (एका प्रतीनेही दिसणारे) असल्याने, सर्वच पिल्ले फिकट निघतात आणि लिंग रंगावरून कळत नाही.

पांढरा रंग सर्वांत फसवा. व्हाइट लेगहॉर्नचा पांढरा प्रभावी असल्याने काळ्याशी केलेल्या संकरात पिल्ले बहुधा पांढरीच, क्वचित काळ्या ठिपक्यांची निघतात; अप्रभावी पांढऱ्या पक्ष्याची रंगीत पक्ष्याशी झालेली पिल्ले मात्र सहसा रंगीत असतात आणि पांढरा पुढच्या पिढीत डोके वर काढतो. रंगीत पक्ष्यात तो दडला असल्याची शंका असेल तर त्याला अप्रभावी पांढऱ्या पक्ष्याशी जोडावे. रंगीत पक्षी वाहक असेल, म्हणजे त्याच्यात पांढऱ्याची एक प्रत दडलेली असेल, तर दहाही पिल्ले रंगीत निघण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी असते.

अर्थात, हा निष्कर्ष बाप निश्चित असेल तरच खरा. कोंबडीच्या शरीरात आधीच्या नराचे शुक्राणू दोन-तीन आठवडे टिकतात. म्हणून कोंबडा बदलल्यावर किमान तीन आठवड्यांनंतरचीच अंडी उबवायला घ्यावीत आणि प्रत्येक पिलाच्या पायात क्रमांकाची कडी घालून नोंद ठेवावी.